निन म्हणजे क्षांती : निंजुत्सूचे तत्त्वज्ञान आणि आपली आखाड्याची परंपरा

प्रास्ताविक

'निंजा' हा शब्द आज आपल्या वस्तीतील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. काळ्या कपड्यात डोळ्यांखेरीज सर्व अंग झाकलेला, भिंतीवर सरसर चढणारा, चांदणीच्या आकाराचे पाते फेकणारा आणि धूर करून नाहीसा होणारा माणूस, अशी त्याची प्रतिमा आहे. ही ओळख चित्रपटांनी करून दिली. १९६७ च्या एका जेम्स बाँडपटात निंजा दिसले. १९८० नंतर अमेरिकन चित्रपटांनी त्यांचे पेवच फोडले, आणि कराटेच्या वर्गांच्या पाठोपाठ ही हवा आपल्या वऱ्हाडातही आली. मुलांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. त्यात वावगे काही नाही. परंतु या विद्येचे जुने जपानी ग्रंथ पाहिले तर असे आढळते की, त्यांतील पहिला पाठ भिंत चढण्याचा नाही. पहिला पाठ मनाचा आहे.

प्रस्तुत लेखात आपणांस तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत. निंजुत्सू ही विद्या कोणाची व कशी निर्माण झाली. तिच्या नावातील 'निन' या अक्षराचा बुद्धविचारातील क्षांतीशी काय संबंध आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात, विशेषतः वऱ्हाडात, अशा विद्येची जी परंपरा होती व आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहिल्यास विद्यार्थ्यांनी त्यातून काय घ्यावे. विषय परदेशी वाटला तरी त्याचे एक टोक आपल्या दाराशी येऊन पोहोचते, हे वाचकांच्या लक्षात येईल.

१. डोंगरातल्या लहान माणसांची विद्या

जपानच्या मुख्य बेटावर, क्योतो व नारा या जुन्या राजधान्यांच्या पूर्वेस, इगा आणि कोका असे दोन लगतचे डोंगराळ प्रदेश आहेत. आज इगा हे मिए प्रांतात आणि कोका हे शिगा प्रांतात मोडते. आपल्याकडे कोका हे 'कोगा' या उच्चाराने अधिक परिचित आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकात जपानमध्ये सरदारांची आपसांत सतत युद्धे चालू होती. त्या काळात या दोन खोऱ्यांवर कोणा एका बड्या सरदाराची हुकमत नव्हती. तेथे थोडीफार जमीन बाळगणारी, शेती करणारी आणि वेळ पडल्यास शस्त्र उचलणारी लहान लहान घराणी होती. कोकामध्ये अशी ५३ घराणी होती, असे परंपरेने सांगतात. ही घराणी एकत्र बसून आपला कारभार पाहत.

इगाच्या लोकांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास केलेला ११ कलमांचा एक करार आज उपलब्ध आहे. बाहेरून शत्रू चालून आल्यास सतरा ते पन्नास वर्षे वयाच्या सर्वांनी मोर्चावर जावे, असे त्यात ठरविले आहे. आणखी एक कलम फार बोलके आहे. सामान्य शेतकऱ्याने शत्रूचा किल्ला काबीज केला, तर त्याला बक्षीस द्यावे आणि सामुराईचा दर्जा द्यावा. कर्तबगारीने माणसाचा दर्जा बदलतो, हे तत्त्व त्या करारात लिहून ठेवलेले होते. वाचकांनी हे कलम ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

मोठी फौज नाही, पैसा नाही, आणि शेजारी बलाढ्य. अशा स्थितीत माणसे बुद्धीने लढू लागतात. शत्रूच्या छावणीतील बातमी काढणे, रात्री कोटात शिरणे, आग लावून गोंधळ उडविणे, वाटा, पाऊस, वारा व चंद्र यांचा हिशेब ठेवणे, औषधी वनस्पती व दारूगोळा यांचे ज्ञान बाळगणे, अशी ही विद्या वाढत गेली. त्या काळी या माणसांना 'शिनोबी' म्हणत. १४८७ मध्ये आशिकागा शोगुनच्या सैन्याविरुद्ध कोकाच्या लोकांनी केलेल्या लढाईपासून त्यांचे नाव गाजले. १५७९ मध्ये इगावर झालेली स्वारी तेथील लोकांनी परतवून लावली; परंतु १५८१ मध्ये ओदा नोबुनागाने प्रचंड फौज आणून इगा बेचिराख केले. पुढच्याच वर्षी नोबुनागाचा घात झाला, आणि संकटात सापडलेल्या तोकुगावा इएयासूला इगाच्या डोंगरातून सुखरूप पार करण्यात हात्तोरी हांझो व इगाचे लोक उपयोगी पडले. त्यामुळे इएयासूच्या राज्यात त्यांना एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथील किल्ल्यावर पहाऱ्याची कामे मिळाली. तेथील एका दरवाजाला हांझोचे नाव आजही आहे.

२. ग्रंथांतील पहिला पाठ

देशात शांतता नांदू लागल्यावर ही विद्या विसरली जाईल या काळजीने काही जाणत्यांनी ती लिहून ठेवली. १६७६ मध्ये फुजिबायाशी यासुताके याने 'बान्सेनशुकाई' हा २२ खंडांचा ग्रंथ संकलित केला. त्याच्या नावाचा अर्थ असा की, असंख्य ओढे एका समुद्रास मिळावेत तशा येथे सर्व शाखा एकत्र आल्या आहेत. १६८१ चा 'शोनिंकी' हा दुसरा महत्त्वाचा ग्रंथ होय.

'बान्सेनशुकाई'मध्ये दोर, शिड्या, कुलपे उघडण्याची साधने, पाण्यातून जाण्याची साधने व अग्निप्रयोग यांची सविस्तर माहिती आहे; पण ती शेवटी. प्रारंभी येते ते 'सेइशिन', म्हणजे शुद्ध किंवा सम्यक् चित्त, हे प्रकरण. या विद्येचे मूळ शुद्ध चित्त आहे आणि कपट व युक्ती ही तिची टोके आहेत, असा ग्रंथकर्त्याचा आशय आहे. हीच कौशल्ये स्वतःच्या लोभासाठी वापरली तर शिनोबी आणि दरोडेखोर यांच्यात फरक तो काय उरला, हा प्रश्न त्याला सतावतो. म्हणून दया, न्याय, निष्ठा व विश्वास या गुणांची जोपासना तो प्रथम सांगतो. हे गुण प्रामुख्याने कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतील आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

याच ग्रंथात शिनोबीचे तीन रोग सांगितले आहेत. पहिला रोग भीती. दुसरा रोग शत्रूला कमी लेखणे. तिसरा रोग नको तितका विचार करीत बसणे. आमच्या विद्यार्थी वाचकांनी स्पर्धा परीक्षेच्या आदल्या रात्रीची आपली अवस्था आठवावी. घाबरणे, 'हा विषय तर सोपाच आहे' म्हणून पुस्तक न उघडणे, आणि उत्तर येत असूनही शंका काढत वेळ घालविणे, हेच ते तीन रोग. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या जपानी हेराचे निदान आजही लागू पडते.

आणखी दोन गोष्टी. ग्रंथात ठिकठिकाणी 'पुढील भाग तोंडी सांगण्याचा आहे' अशी सूचना येते. आपल्याकडे वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तोच हा प्रकार. शिष्याची वृत्ती पाहिल्याशिवाय शेवटचा डाव द्यावयाचा नाही. दुसरी गोष्ट पोशाखाची. तो काळा वेष रंगभूमीवरून आला असे अभ्यासक मानतात. प्रत्यक्षात शिनोबी जो वेष घेई तो बासरी वाजविणाऱ्या फिरत्या साधूचा, भिक्षूचा, डोंगरातील तपस्व्याचा, व्यापाऱ्याचा, खेळ करणाऱ्याचा, नटाचा किंवा साध्या गावकऱ्याचा. 'शोनिंकी'मध्ये अशी सात सोंगे सांगितली आहेत. चांगला शिनोबी कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याच्या कामाचा परिणाम दिसतो, त्याचे नाव कोठे नसते.

३. 'निन' हे अक्षर

आता आपण लेखाच्या गाभ्याकडे येऊ. 'निंजुत्सू' या शब्दात 'जुत्सू' म्हणजे विद्या किंवा कला. 'निन' हे अक्षर दोन चिन्हांचे मिळून झाले आहे. वर शस्त्राचे पाते आहे आणि खाली हृदय, म्हणजे मन. या अक्षराचा एक अर्थ लपणे आणि दुसरा अर्थ सोसणे. हेराच्या बाबतीत पहिला अर्थ मुख्य होता, यात शंका नाही. परंतु दुसरा अर्थ अधिक जुना आणि अधिक खोल आहे.

भारतातून बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले, तेव्हा संस्कृतातील 'क्षांती' या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी हेच अक्षर योजले. जपानमध्ये ते तेथूनच आले. आपण थेरवादी परंपरेतील दहा पारमिता म्हणतो, त्यांत खंती, म्हणजे क्षांती, ही सहावी. महायानातील सहा पारमितांत ती तिसरी. म्हणजे आपल्या विहारात ज्या गुणाचे नाव घेतले जाते, तोच गुण या विद्येच्या नावात अक्षररूपाने बसलेला आहे.

क्षांती म्हणजे काय, हे समजण्यासाठी जपानला जाण्याचीही गरज नाही. खंतिवादी जातकाची कथा सर्वांस माहीत असेल. काशीचा राजा कलाबू संतापाने एका तपस्व्याला विचारतो, तू काय शिकवितोस? तो सांगतो, क्षांती. राजा त्याचे हात, पाय, नाक व कान तोडवितो आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारतो. तपस्व्याच्या मनात क्रोध येत नाही. माझी क्षांती हातापायांत नाही, ती आत आहे, असा त्याच्या उत्तराचा भाव आहे. ही कथा आपल्या शेजारी, अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकात चितारली गेली. धम्मपदाच्या बुद्धवग्गातही क्षांतीचा मोठा गौरव आहे.

परंतु येथे एक धोका आहे. 'सोसा, सोसत राहा' हा उपदेश आपल्या समाजाला शतकानुशतके ऐकविला गेला. पाणवठ्यावरून हाकलले तर सोसा, वेशीबाहेर ठेवले तर सोसा. त्यालाही सहनशीलता असेच नाव दिले गेले. मग ती क्षांती आणि ही क्षांती एकच काय? आमच्या मते, नाही. अक्षराकडे पुन्हा पाहावे. त्यात नुसते हृदय नाही. हृदयावर पाते आहे. ज्याच्यापाशी पाते आहे आणि ते चालवावयाचे की नाही हे ज्याचे मन ठरविते, त्याचा संयम ही क्षांती. ज्याच्या हातात काहीच ठेवले नाही, त्याने मान खाली घालून सोसणे याला निरुपाय म्हणतात. बळ आणि निवड या दोन्ही असल्याशिवाय क्षांती होत नाही.

४. मिक्क्यो, मुद्रा आणि मंत्र

चित्रपटातील निंजा बोटांच्या विचित्र खुणा करतो आणि अदृश्य होतो. या खुणांचे मूळ कोठे आहे? इगा व कोकाचे डोंगर ही 'यामाबुशी' म्हणविणाऱ्या तपस्व्यांची साधनाभूमी होती. त्यांचा 'शुगेंदो' हा पंथ म्हणजे डोंगरपूजा, ताओ विचार आणि 'मिक्क्यो', म्हणजे गुह्य बौद्धमत, यांचे मिश्रण होय. कूकाई (७७४ ते ८३५) हा भिक्षू चीनमध्ये शिकून ८०६ मध्ये परतला आणि त्याने जपानमध्ये शिंगोन पंथाची स्थापना केली. त्यात मंडल, मुद्रा व मंत्र यांना महत्त्व आहे. हा प्रवाह मुळात भारतातून चीनला गेलेला. वेरूळच्या बाराव्या क्रमांकाच्या 'तीन थाल' लेण्यात मध्यभागी बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असे नऊ चौकोनांचे मंडल कोरलेले आहे. वेरूळहून काही थेट जपानला गेले असे म्हणण्याचा हेतू नाही. पण ज्या विचाराची खूण आपल्या खडकात आहे, त्याच कुळातील खूण तिकडच्या डोंगरात पोहोचली, एवढे निश्चित.

जपानी योद्धे 'मारिशितेन' हिची उपासना करीत. ही मूळची भारतीय बौद्ध देवता मारीची, म्हणजे प्रकाशाचा किरण. किरण दिसतो पण धरता येत नाही, म्हणून लपून काम करणाऱ्यांना ती जवळची वाटली. नऊ अक्षरांचा मंत्र म्हणत नऊ मुद्रा करण्याची पद्धत मात्र चीनच्या ताओ परंपरेतून आली. चौथ्या शतकातील गे होंग याच्या ग्रंथात ती नऊ अक्षरे आढळतात.

बुद्धिवादी वाचक विचारतील की, मुद्रेने माणूस अदृश्य होतो काय? होत नाही. पण अंधारात, शत्रूच्या भिंतीखाली, धडधडत्या छातीने बसलेल्या माणसाने श्वास आवरून ठराविक अक्षरे ठराविक हालचालींसह म्हटली, तर त्याचे चित्त एकाग्र होऊ शकते. तीन रोगांपैकी पहिल्या रोगावरचा तो उतारा. चमत्कार वगळला तरी साधना उरते, आणि आपल्या कामाची गोष्ट तीच आहे.

त्याचबरोबर स्पष्ट बोलले पाहिजे की, निंजुत्सू ही युद्धविद्या आहे. तिच्यात कपट आहे, जाळपोळ आहे, भिक्षूचे चीवर पांघरून हेरगिरी करणे आहे. तिला बौद्ध धम्माचा भाग म्हणता येणार नाही. ज्या मनाच्या शिस्तीचा तिने आश्रय घेतला, ती शिस्त मात्र धम्मात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. शस्त्रविद्येचा अभ्यास करणाऱ्याने तो भेद रोज स्वतःला विचारावा असा आहे.

५. महाराष्ट्रातील शिनोबी

आपल्या भूमीत अशी विद्या होती काय? होती, आणि जपानच्या ग्रंथांपेक्षा पुष्कळ आधीपासून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तापस, गृहस्थ शेतकरी, व्यापारी, भिक्षुकी अशा वेषांतील हेरांचे वर्गीकरण आहे. 'शोनिंकी'तील सात सोंगे त्याच्याशेजारी ठेवून पाहिली, तर दोन्ही देशांतील हेर एकमेकांचे भाऊबंद वाटतात.

शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी झाली, तिच्यापूर्वी सुरतेची खडान्खडा माहिती बहिर्जींनी आणली, याचा उल्लेख सभासदाच्या बखरीत आहे. त्यांचे लोक फकीर, वासुदेव, गोंधळी, बहुरूपी अशा वेषांत फिरत, असे परंपरा सांगते. सांगली जिल्ह्यातील बाणूरगड येथे त्यांची समाधी दाखविली जाते. एवढ्या मोठ्या कामगिरीच्या माणसाविषयी कागदोपत्री माहिती मात्र मोजक्या ओळींची आहे. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या ६० माणसांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा घेतला. कडा चढण्याची विद्या इगाच्या लोकांची मक्तेदारी नव्हती.

बहिर्जींचे निदान नाव तरी राहिले. गडाच्या घेऱ्यात राहून पहारा देणारे रामोशी, महार, कोळी, बेरड यांतील किती नावे आपल्याला सांगता येतील? वाट, वारा, पाऊलखुणा व रात्र यांचे ज्ञान त्यांच्या घरात पिढीजात होते. चोराचा माग काढावा त्यांनी, खजिन्याची राखण करावी त्यांनी, आणि काम संपले की वेशीबाहेर जावे त्यांनीच. शिनोबीने नाव न ठेवणे हे त्याच्या विद्येचे व्रत होते. आपल्या पूर्वजांचे नाव राहिले नाही, हे कोणाचे व्रत नव्हते. ते जातिव्यवस्थेचे काम होते. इगाच्या करारात शेतकऱ्याला पराक्रमाने सामुराई होता येत होते. आपल्याकडे पराक्रमाने जात बदलत नव्हती. दोन परंपरांची तुलना करताना हा फरक डोळ्यांआड करता येत नाही.

६. आखाडा : वऱ्हाडची शाळा

तरीही विद्या टिकली, ती आखाड्यात आणि तालमीत. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे (१७९४ ते १८८१) यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी दांडपट्ट्याचे शिक्षण घेतले. मातंग समाजातील वस्ताद आणि माळी समाजातील शिष्य. तालमीच्या मातीने जात विचारली नाही. वऱ्हाडात अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली.

आमच्या अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडाच्या छायेत वसले आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जाणारा हा कोट आणि शहराच्या जुन्या वेशी ही आपल्या भागातील पहाऱ्याच्या दिवसांची साक्ष होय. आज त्याच भागातील रस्त्यांवर मिरवणुकीच्या दिवशी आखाडे खेळतात. लाठीकाठी, बनेटी, दांडपट्टा यांचे हात पाहण्यास गर्दी लोटते.

या खेळात नीट पाहण्यासारखी गोष्ट कोणती? बनेटीची दोन्ही टोके गरगर फिरत असतात, भोवती लहान मुले अगदी जवळ येऊन उभी असतात, आणि कोणालाही काठी लागत नाही. मारणे सोपे आहे. जोरात फिरणारी काठी कोणाला लागू न देणे अवघड आहे, आणि वस्तादाची परीक्षा तेथे होते. कुस्तीगीर हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतो, लाठी उचलणारा प्रथम सलामी देतो. ही रीत म्हणजे 'सेइशिन'चाच आपला प्रकार आहे; प्रथम मन, नंतर हात. सलामी विसरलेला पठ्ठ्या किती जरी चपळ असला, तरी त्याला जुने वस्ताद अर्धाच शिकलेला समजतात.

७. महाड आणि अमरावती, १९२७

क्षांतीचा खरा कस लागतो तो खेळात नव्हे, अपमानाच्या प्रसंगी. आपल्या इतिहासात असा प्रसंग आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक चवदार तळ्यावर गेले व पाणी प्यायले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठविण्यात आली. जमावाने लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपातील व वाटेवरील लोकांवर हल्ला केला.

आता लक्षात घ्यावे की, परिषदेला आलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ लोक होते. त्यांनी लढाया पाहिल्या होत्या, शस्त्रे हाताळली होती. एका शब्दाची वाट होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्यांनी लोकांना शांत ठेवले, जखमींची व्यवस्था पाहिली आणि कायद्याचा मार्ग धरला. जून १९२७ मध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरली. तळ्याचा दावा कोर्टात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली.

याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, आपल्या वऱ्हाडात अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. सत्याग्रहाची तयारी होती. मंदिराच्या पंचांना विचारास अवधी मिळावा म्हणून तो काही काळ पुढे ढकलण्याचे ठरले. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांच्या थोरल्या बंधूंच्या निधनाची वार्ता तेथे येऊन पोहोचली. घरचे दुःख आणि समाजाचा अपमान एकाच वेळी समोर असताना विचाराने पाऊल टाकणे, याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, महाडला माघार घेतली. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या हातात बळ नाही त्याला माघार घ्यावी लागते. महाडचे लोक प्रतिकार करू शकत होते, आणि त्यांनी न करण्याचे निवडले, कारण त्यांना एका दुपारची मारामारी जिंकावयाची नव्हती, तळे जिंकावयाचे होते. पुढे समता सैनिक दलाच्या रूपाने शिस्तबद्ध तरुणांची संघटना उभी राहिली, ती याच अनुभवातून. पाते आणि हृदय, दोन्ही एका ठिकाणी. त्या जपानी अक्षराचा अर्थ महाडच्या लोकांनी ते अक्षर न पाहता आचरून दाखविला.

८. समारोप

जपानमध्ये आज निंजुत्सूचा अभ्यास गंभीरपणे होतो. मिए विद्यापीठाने २०१७ मध्ये त्यासाठी आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र उघडले, आणि चित्रपटांनी चढविलेली पुटे बाजूस सारून जुने कागद वाचण्याचे काम तेथे चालते. आपल्या गडकऱ्यांची, पहारेकऱ्यांची, वस्तादांची विद्या अशी कोण लिहून ठेवणार? फुजिबायाशीने आपल्या डोंगरातील विद्या विसरली जाईल या काळजीने लेखणी उचलली. आपल्या वस्तीतील वृद्ध वस्ताद हयात आहेत तोवर त्यांचे डाव, त्यांच्या हाळ्या, सलामीच्या रीती आणि गुरुपरंपरा वहीत उतरवून घेणे हे काम विद्यार्थ्यांना सहज करता येईल. ज्यांची नावे इतरांनी लिहिली नाहीत, ती आपण लिहावीत.

मुलांनी कराटे शिकावे, लाठी शिकावी, निंजांचे चित्रपटही खुशाल पाहावेत. पालकांनी त्यास विरोध करू नये; दुबळ्या अंगात दुबळे मन राहते. मात्र वर्गात नाव घालताना शिकविणाऱ्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : पहिल्या दिवशी आपण काय शिकविता? त्याचे उत्तर 'लाथ' असेल तर थोडे थांबावे. उत्तर 'उभे राहणे' किंवा 'श्वास' असे आले, तर मूल योग्य हातात आहे असे समजावे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१) शिनोबीचे तीन रोग कोणते? यांपैकी आपणांत कोणता अधिक आहे?
२) निरुपायाने सोसणे आणि क्षांती यांतील फरक आपल्या घरातील किंवा गावातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
३) इगाच्या करारातील शेतकरी आणि आपल्या गडाच्या घेऱ्यातील पहारेकरी, यांच्या स्थितीची तुलना करा.
४) महाड येथे प्रतिकार झाला असता तर चवदार तळ्याच्या लढ्याचे पुढे काय झाले असते? दोन्ही बाजू मांडा.
५) आपल्या वस्तीतील एका जुन्या वस्तादास भेटून त्यांचे गुरू, त्या गुरूंचे गुरू आणि शिकविण्याची पद्धत यांची टिपणे काढा.